तानूचं तोंड

अकोट फैल, अकोला
१४ जून १९५९

इंदू,

पंचफुलाबाईचा जयभीम. माह्या मालकाचा, बुधाजीचा पण. ते खाटेवर बसून आहेत अन् त्यायले तुले सांगायचं काही नाही, म्हणून मीच सांगतो.

पोरगी पोचली असं पुंजारामनं कळवलं. माहा भाऊ कचेरीत चपराशी हाये तर पत्र पण कचेरीसारखं लिहितो. पोचलो, सर्व ठीक, कळावे. त्याच्या पत्रावर माहा भरवसा नाही. तू सातवी शिकली, तू लिहीत जा. मी या वयात रात्रीच्या शाळेत जाऊन अक्षरं शिकली. हसायचं असंल तर हस, पण पुरं वाच.

लग्न होऊन तुले महिना झाला अन् आठ वर्षांची लेक आयती भेटली. तिचं कसं करायचं ते ऐक. तानुबाई, म्हणजे तिची माय, बाळंतपणात गेली, लेकरू पण गेलं. तेव्हा ही सहाची होती, अन् आमी सारे याच घरात राहत होतो. पुंजारामची बदली अमरावतीले झाली अन् पोरगी माह्यापाशी राहिली. या दोन वर्षांत ती एकदा पण रडली नाही. मीच रडू देली नाही. लेकराले रडत बसवलं की ते बसूनच राहते. तानूची लुगडी, पेटी, फणी, सारं मी लगेच वाटून टाकलं. तिचं नाव घरात काढलं नाही, कोणाले काढू देलं नाही. पोरगी विसरली. लेकरं विसरतात. पोटाले घाला, कामाले लावा, ती आपल्या रस्त्यानं लागतात.

घरचं नाव जाई होतं. दीक्षेनंतर शाळेत सुजाता लिहिलं. सुजाताच म्हणजो. दोन नावं ठेवली तर ती कोणत्याच नावाले ओ देत नाही, पाहिलं मी.

तुले माय म्हणायले लाव, पहिल्या दिवसापासून. आज लाजते, उद्या म्हणीन, असं करत बसशील तर जन्मात म्हणणार नाही. नखं कुरतडते, हातावर चापट मारजो. वांगं खात नाही म्हणीन. खाते.

मी कडक बाई हाये, पण तिची वैरीण नाही. तू सावत्रपणा करून राहिली असं माह्या कानावर आलं, तर पहिल्या येष्टीनं येईन अन् पोरगी घेऊन जाईन. याले धमकीच समज.

पंचफुला


फ्रेझरपुरा, अमरावती
५ जुलै १९५९

तीर्थरूप बाईंना इंदूचा सप्रेम जयभीम.

पत्र पुरं वाचलं. अक्षराला हसले नाही. माझ्या आईला तर सहीसुद्धा येत नाही.

सुजाताचं नाव इथल्या शाळेत घातलं, तिसरीत. पाटी-दप्तर घेऊन वेळेवर जाते. पाणी भरायला माझ्यासोबत येते. वांगं खाल्लं. मला अजून हाक मारायची तिला गरज पडलेली नाही. काही हवं असलं तर माझ्यासमोर येऊन उभी राहते.

एका गोष्टीचं विचारायचं होतं. जेवायला बसलो की ती पहिला घास ताटाच्या कडेला काढून ठेवते आणि माझ्या गळ्याकडे बघत बसते. मी खाल्ल्याशिवाय खात नाही. आली त्या दिवशीच तिनं माझी पोत हातात घेऊन पाहिली, मानेमागे हात घालून आणखी काही आहे का चाचपलं. "एवढंच?" म्हणाली. मला वाटलं लेकराला दागिन्याची हौस असेल.

परवा मात्र तिनं विचारलं, तुम्ही मागून आल्या ना, मग तुमच्या गळ्यात माय कुठे आहे?

यांच्याकडे पाहिलं तर हे ताट अर्धं सोडून उठले. मी काय उत्तर द्यावं ते कळवावं. बाकी सर्व ठीक आहे, आणि हे मी कचेरीसारखं लिहीत नाही.

आपली
इंदू


अकोट फैल, अकोला
१० जुलै १९५९

इंदू,

मले माहीत हाये ती काय धुंडून राहिली. तुले पण माहीत असंल, तू चांदूर बाजारची हायेस, काही विलायतेची नाही. तरी लिहितो, म्हणजे पुढं मले माहीत नव्हतं असं म्हणायले जागा राहणार नाही.

आमच्या मागच्या गल्लीत कोष्ट्याच्या घरची गोदाबाई हाये. ती दुसरेपणाची. तिच्या गळ्यात सवतीचा टाक हाये. चांदीचा पत्रा, त्यावर ठोकलेली बाई, म्हणजे म्हणे पहिली बायको. नवं लुगडं आलं की आधी टाकाले लावते, मंग नेसते. जेवायच्या आधी टाकापुढं घास धरते. नाही तर मेलेली सवत कोपते, लेकरं जगू देत नाही. त्यायच्या घरचं ते पाहतीन, मले काय करायचं.

पण आपली पोरगी शाळा सुटली की त्या गोदाबाईच्या ओट्यावर जाऊन बसे. मी कितीदा हाताले धरून ओढत आणली. मारलं पण. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथीच. म्हणून तर लग्न झाल्याबरोबर म्हणलं, घेऊन जा बाबा तुही लेक अमरावतीले, तिथी गोदाबाई नाही.

आता नीट ऐक. आमी नागपूरहून दीक्षा घेऊन आलो, घरातले देव टोपल्यात भरले अन् मोर्णा नदीत सोडून देले. टोपलं कोणाच्या डोक्यावर होतं? तानूच्या. तिच्या हातानं देव गेले, अन् तिच्यामागं तिचाच देव करून तुमी गळ्यात बांधाल? असं झालं तर ती खरंच कोपीन, अन् मी तिच्या बाजूनं राहीन.

तुह्या माहेरी अजून काय काय चालते ते मी इचारत नाही. पुंजारामच्या घरात टाक येणार नाही. पोरीले समोर बसव अन् सरळ सांग, तुही माय मेली, ती चांदीत बसत नाही, कुठंच बसत नाही. घोळवू नोको. लेकराले खरं सांगितलं की चार दिवस फुगते, मंग सुधरते.

पंचफुला


फ्रेझरपुरा, अमरावती
३० ऑगस्ट १९५९

तीर्थरूप बाईंना सप्रेम जयभीम.

पत्राला उशीर झाला. पावसानं भिंत खचली होती, त्या गडबडीत राहिलं.

आपण सांगितल्याप्रमाणे सुजाताला समोर बसवून सर्व सांगितलं. आता ती चांगली जेवते. घास काढून ठेवत नाही. शाळेत नाव घेतलं की हजर म्हणते. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसते, शाळेतलं सगळं सांगते. आणि माय म्हणते. मी माझ्या कानांनी ऐकलं.

आपण काळजी करू नये. आपल्याला कामाच्या दिवसांत यायची तसदी घ्यायला नको.

आपली
इंदू


अकोट फैल, अकोला
४ ऑक्टोबर १९५९

इंदू,

तुहं पत्र आलं तेव्हा मी साऱ्या गल्लीले वाचून दाखवलं. म्हणलं पाहा, लेकराले सरळ सांगा, लेकरू सरळ होते. गोदाबाईच्या दारासमोर तर मी जरा मोठ्यानंच वाचलं. तिनं दार लोटून घेतलं.

अन् काल माह्या तोंडात शेण गेलं.

तुह्या माहेरच्या गल्लीतला डोमाजी बैलबाजारात आला होता. बुधाजीची त्याची ओळख, म्हणून चहाले आणला. बशीत चहा ओतता ओतता मोठ्या कौतुकानं सांगते, इंदूच्या मायनं बरं केलं, परतवाड्याच्या सोनाराकडून टाक घडवून लेकीले पाठवला, पोरीले सवतीचा जाच नोको. त्याले काय माहीत तो कोणाच्या घरात बसून बोलून राहिला. मी म्हणलं चहा पे अन् ऊठ.

तुह्या पत्रात लेकरू जेवते, बोलते, हजर म्हणते, माय म्हणते. इतक्या लवकर तर ताप पण उतरत नाही. मले तेव्हाच समजायले पायजे होतं. अन् मी यायची तसदी घेऊ नये म्हणे. काहून घेऊ नये?

टाक तुह्या गळ्यात हाये का नाही? हो का नाही, एवढंच लिही. पुंजारामले माहीत हाये का? उलट्या टपालानं उत्तर पायजे. नाही आलं तर मी येतो.

पंचफुला


फ्रेझरपुरा, अमरावती
११ ऑक्टोबर १९५९

बाई,

हो. टाक होता. आता नाही. हो का नाही एवढ्यावर थांबता येणार नाही, कारण जे झालं ते त्यापेक्षा मोठं आहे.

तुमच्या सांगण्याप्रमाणे मी सुजाताला समोर बसवून सांगितलं, तुझी माय मेली, ती कुठेच बसत नाही. तिनं मान हलवली आणि ताट माझ्याकडे सरकवलं. दुसऱ्या दिवशीही सरकवलं. हे लेकरू फुगलं नव्हतं, बाई. फुगलेलं लेकरू तुमच्याकडे चोरून बघतं. ही बघतच नव्हती. शाळेतल्या बाईंनी हजेरीत नाव घेतलं की गप्प, म्हणून त्या रोज हिला उभी करत. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या तेव्हा मी माझ्या आईला निरोप पाठवला. आईनं सवतीच्या भीतीनं टाक पाठवला असेल. मी भीतीनं नाही घातला. तिनं जेवावं म्हणून घातला. यांना दिसू नये म्हणून पोलक्याच्या आत ठेवत होते.

त्या दिवसापासून ती जेवायला लागली. संध्याकाळी हे बाहेर गेले की माझ्या मांडीला टेकून बसायची, टाक बाहेर काढायची आणि त्याच्याशी बोलायची. गणित चुकलं, कोणी वेणी ओढली, सगळं. मी मान पुढे करून बसून राहायची. माय म्हणते असं लिहिलं ते खोटं नव्हतं. पण ती हाक मला नव्हती, माझ्या गळ्याला होती. मला त्याचं काही वाटलं नाही. थोडं वाटलं.

मागच्या रविवारी तिनं टाक दारात उजेडात नेला आणि खूप वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, हिला नाकच नाही. टाक साच्यातून काढतात, बाई, डोळ्यांच्या जागी दोन टिपके असतात. साऱ्या गावाच्या सवती एकसारख्या. तिनं विचारलं, माय अशी होती का. मी म्हणाले, मी त्यांना कधी पाहिलं नाही. मी अडवायच्या आत ती टाक घेऊन बापासमोर उभी राहिली आणि तेच विचारलं.

हे ओरडले असते तर बरं झालं असतं. टाक तिच्या हातातून काढून फळीवर टाकला आणि मला म्हणाले, "दीक्षा तूही घेतली होतीस ना?" एवढंच. तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून घरी आली नाही. फळीवर टाकही नव्हता. मी शेजारणींना घेऊन आजूबाजूच्या विहिरींत वाकून पाहत हिंडले. हे सायकलवर स्टेशनपर्यंत जाऊन आले. दिवस बुडता बुडता सराफ्यात एका सोनाराच्या ओट्यावर सापडली. त्या बिचाऱ्यानं तिला पाणी दिलं होतं, नाव विचारलं होतं, नाव सांगत नव्हती म्हणून बसवून ठेवलं होतं.

त्यानं सांगितलं, ही आली आणि टाक पुढे करून म्हणाली, हे तोंड बदलून द्या, माझ्या मायचं करून द्या. त्यानं थट्टेनं विचारलं, बरं बाई, कशी होती तुझी माय, नाक सरळ की बसकं, तोंड गोल की लांब? ती सांगायला गेली, आणि तिला काही सांगता येईना. तेव्हापासून ती तिथेच बसली होती.

आता ती बोलत नाही. जेवण पुन्हा सुटलं. घरी आणल्यावर एकदाच बोलली, तेही माझ्याशी नाही, भिंतीकडे तोंड करून. "माझ्याच्यानं हरवली," म्हणाली.

बाई, तुम्ही म्हणता लेकरं विसरतात. ही विसरली हे खरं आहे, आणि तेच तिला सोसत नाही.

यांनी ठरवलं आहे की दिवाळीची सुट्टी संपली की तिला मुलींच्या वसतिगृहात ठेवायचं. म्हणतात, तिथे शिस्त लागेल, चार मुलींत रमेल. मी म्हणाले, आधी अकोला सुटलं, आता हे घरही सोडवता. तर उठून गेले. मला ती इथे हवी आहे. तुम्हाला हे सावत्र बाईचं ढोंग वाटेल, वाटू द्या.

घरात फोटो नाही. हे सांगत नाहीत. मी पाहिलेलं नाही. तुम्ही त्यांच्यासोबत एका चुलीवर स्वयंपाक केला. त्या दिसायला कशा होत्या ते लिहा. एवढंच मागते.

इंदू


अकोट फैल, अकोला
१५ ऑक्टोबर १९५९

इंदू,

वाचलं. टाक घालून वर मलेच शिकवून राहिली, लेकरं कशी फुगतात अन् कशी फुगत नाहीत. मी तीन वाढवले, तू एक पण नाही.

तू सांगितलं असतं तर मी आली असती. तू लपवलं. लपवून घातला, लपवून बोलू देलं, अन् मंग पोरगी सराफ्यात सापडते. विहिरीत सापडली असती तर? ते वाचल्यापासून माह्या हातून भाकर धड थापल्या जात नाही.

तानू दिसायले कशी होती म्हणे. बाईसारखी होती. दोन डोळे, एक नाक. आणखी काय सांगू. मेलेल्याचं तोंड आठवत बसलं तर जित्याचं कोण पाहीन? मी नाही आठवत बसली म्हणून या घरची चूल पेटत राहिली.

पुंजारामले सांग, पोरगी वसतिगृहात जाणार नाही. पंचफुला जिती असताना पुंजारामची लेक परक्याच्या पंगतीत जेवणार नाही. अन् तुह्यापाशी पण राहणार नाही. सुट्टी लागली की मी येतो. तिचे कपडे बांधून ठेवजो.

पंचफुला


अकोट फैल, अकोला
१९ ऑक्टोबर १९५९

इंदू,

आधीचं पत्र भेटलं असंल. त्याच्यातलं वसतिगृहाचं तेवढं ध्यानात ठेव.

मी गोदाबाईच्या घरी भांडायले गेली होती. म्हणलं हिनंच पोरीच्या डोक्यात टाक घातला, आता हिले सोडत नाही. दारातूनच सुरू केलं. ती मागासाठी सुताच्या कांड्या भरून राहिली होती, तिनं हात पण थांबवला नाही. माहं बोलून झालं, मंग म्हणते, "तुह्या भाचीनं माह्या टाकाले कधी बोट नाही लावलं, पंचफुला. ती मले विचारे, तुमची बहीण कशी दिसत होती. मी सांगो. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारे, मी पुन्हा सांगो. तुले नाही विचारलं कधी?"

गोदाबाईची सवत म्हणजे तिची सख्खी मोठी बहीण होती. मी इतकी वर्षं शेजारी राहून हे मले माहीत नव्हतं. तिनं टाक दाखवून सांगितलं, याच्यात ती बिलकुल दिसत नाही, म्हणून तोंडानं सांगावं लागते.

मी म्हणलं, मले कोण विचारते. अन् घरी आली.

ते जाऊ दे. खाली लिहितो ते पोरीसाठी हाये. तिले वाचायले कठीण जाईन, तू वाचून दाखव. मधातलं काही गाळू नोको, गोड करू नोको. पुंजाराम घरात असतानाच वाच. तो उठून जाऊ लागला तर तू दारात बस.

पोरी,

तुही माय देखणी नव्हती. कोणी तुले सांगीन की लई सुंदर होती, तर ते खोटं. काळी होती, माह्यापेक्षा काळी, अन् मी काही गोरी नाही. तोंड लांबोडं, वरून रुंद, हनुवटीपाशी निमुळतं. नाक बसकं, अन् त्यात चमकी नाकाच्या मानानं मोठी. बापानं हौसेनं केली होती म्हणे. मी म्हणत होती, तानू, चमकीले नाक लावलं का नाकाले चमकी. ती हासे.

हासली की तिचे डोळे मिटत. पुरे मिटत, बारीकच होते. मंग तिले समोरचं दिसत नसे. एकदा हासता हासता भरलेली घागर माह्या पायावर आदळली, तो अंगठा थंडीत अजून ठणकते.

कपाळावर गोंदण होतं, पण मधोमध नाही, जरा कलतं. गोंदणारीनं सुई लावली अन् ही हलली. समोरचा उजवा दात अर्धा तुटलेला. फुटाणे खाऊन तुटला. सांगितलं होतं, भिजवून खा, ऐकलं नाही. हात मोठे, पुरुषासारखे. कापूस वेचण्यात माह्यासंग कोणी टिकत नाही, ती टिके. ओटी भरली की माह्या ओटीत डोकावून पाहे, कोणाचा जास्त हाये. माहाच राहे. बहुतेक वेळा.

गाणं येत नव्हतं तरी म्हणे. आवाज चिरका. मी चूप म्हणो, ती आणखी म्हणे.

तुह्या केसाले तेल लावताना ती तुह्या टाळूवर हनुवटी टेकवून माह्याशी बोले. बोलली की तिची हनुवटी हाले, अन् तुहं डोकं हाले, अन् तू हासत सुटे. मी म्हणो लेकराची मान मोडशील.

सुजाता नाव मी नाही ठेवलं. तुह्या बापानं पण नाही. शाळेच्या गुरुजीनं नावं वाचून दाखवली तेव्हा तानू मधातच बोलली, हे. पुढची ऐकूनच नाही घेतली. तुह्या बापाले दुसरं पायजे होतं. ती म्हणे, लेक माही, मी म्हणीन ते. म्हणून हजेरीत त्या नावाले ओ न देता उभी राहशील तर तुहं तूच पाहा.

तू तिले हरवली नाही. लेकराच्या हातून असं हरवत नाही. मोठ्यायनं सांगायचं असते, ते कोणी सांगितलं नाही.

आरशात धुंडशील तर भेटणार नाही, तू बापावर गेली. पण कान तानूचे हाये, बाहेर निघालेले. झाकत जाऊ नोको.

मी सुट्टीत येतोच. कपडे बांधायचे का नाही ते आल्यावर पाहू.

तुही आत्या
पंचफुला


अमरावती
२५ ऑक्टोबर १९५९

आत्याले सुजाताचा जयभीम.

हे पत्र मी स्वतः लिहून राहिली. इंदूमाय फक्त जोडाक्षरं सांगते.

तुहं पत्र इंदूमायनं वाचलं. बाबा उठले. इंदूमाय दारात बसली होती म्हणून त्यायले जाता आलं नाही. मंग ते तिथीच उभे राहिले. मंग बसले. दाताचं आलं तेव्हा बाबा म्हणाले, चूक आहे. उजवा नाही, डावा. इंदूमायनं वाचणं थांबवलं. बाबा म्हणाले, मी तिच्यासमोर बसून जेवत होतो, मले माहीत नाही का? आत्या, तुले उलटं दिसलं असंल.

मंग मले आठवलं. डावाच. त्या फटीतून ती मले शिट्टी वाजवून दाखवत होती. हे तुह्या पत्रात नाही. हे माहं मलेच आठवलं.

आणखी एक चूक आहे. गाणं येत नव्हतं असं तू लिहिलं. बाबा म्हणतात येत होतं, आत्याले आवडत नव्हतं. बाबानं थोडं म्हणून पण दाखवलं. बाबाले मात्र खरंच येत नाही. इंदूमाय हासली, तिचे डोळे मिटत नाहीत.

काल जेवली. आज पण. वांगं होतं तरी जेवली. टाक इंदूमायनं तिच्या मायकडे परत पाठवला. मीच म्हणलं पाठव.

वसतिगृहाचं बाबा आता काही बोलत नाहीत. इंदूमायनं विचारलं तर म्हणाले, पाहू. इंदूमाय म्हणाली, पाहू नाही, नाही म्हणा. मंग म्हणाले, नाही.

तू सुट्टीत ये. पण कपडे बांधायले येऊ नोको. सांगायले ये. माय चाले कशी ते तू लिहिलं नाही. रागावली की काय करे ते पण नाही. बाबा म्हणतात ते आत्यालेच जास्त माहीत आहे, तुमचंच रोज भांडण होत होतं.

येईपर्यंत सारं आठवून ठेव. नीट आठव. घाई करू नोको.

सुजाता